दार बंद करू नका, लहान करा

पत्र :

आदरणीय मावशी, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. पतसंस्थेत नोकरी करते आणि आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, बारा वर्षं संडे स्कूल घेते. जूनमध्ये वडील प्रभूकडे गेले. माझा धाकटा भाऊ मयताला पिऊन आला. माती देताना दोघांनी दंडाला धरून त्याला बाजूला नेलं. त्याच्या आधीच्या वर्षात त्यानं आईच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या आणि माझ्या मुलीच्या फीचे बावीस हजार कपाटातून नेले होते. आता तो दोन गावं पलीकडे खोली घेऊन एकटाच राहतो.

आई म्हणते, नाताळाला त्याला घरी बोलव. मी नाही म्हटलं तर म्हणाली, "पोरांना देवाची प्रीती शिकवतेस ना तू?" ते बोलणं अजून रुतून बसलंय. त्यातच पाळकसाहेबांनी मला ख्रिस्तजयंतीच्या उपासनेत "देवाने जगावर प्रीती केली" ह्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. योहान 3:16 मला तिसरीपासून पाठ आहे, पण यंदा ते म्हणताना आत काही हलतच नाही. जगावर प्रीती केली असेल, पण त्या जगात मी कुठे आहे? आणि भावाला बोलवायचं की नाही?

ता. क. पतसंस्थेतला एक सहकारी दर डिसेंबरात म्हणतो, "25 तारीख तुमच्या बायबलमध्ये नाहीच." त्याला काय सांगावं?

– एक बहीण

उत्तर :

ताई, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मातीच्या त्या ओळीपाशी थांबले. बापाला माती द्यायची वेळ आयुष्यात एकदाच येते. तुमची ती वेळ भावाला आवरण्यात गेली. पाटल्या सोडवता येतात, बावीस हजारही कसेबसे उभे राहतात. ही वेळ मात्र परत मिळत नाही, आणि तुमचा राग मुख्यतः तिथला आहे असं मला वाटतं. फीच्या पैशांवर तुम्ही एकच ओळ लिहिलीत, तीही हिशेब सांगितल्यासारखी. तेव्हा पहिली गोष्ट ही की हा राग पाप नाही. तो वडिलांवरच्या मायेतून आलेला आहे.

सहकाऱ्याचं आधी उरकून घेऊ. त्याचं म्हणणं बरोबर आहे. शुभवर्तमानात येशूच्या जन्माची तारीख दिलेली नाही. 25 डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात सापडते. आर्मेनियन मंडळी आजही 6 जानेवारीला जन्मोत्सव करतात. दिवस मंडळीनं ठरवला आणि ते लपवण्याचं काही कारण नाही. त्याला हसून "खरं आहे" म्हणा आणि करंज्यांचा डबा पुढे करा.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. योहान 3:16 आपण कॅलेंडरवर, कमानीवर, रिक्षाच्या मागे इतक्यांदा वाचलेलं असतं की ते कुणीतरी लाउडस्पीकरवरून अख्ख्या जगाला ऐकवलं असावं असं वाटू लागतं. आज रात्री शास्त्र उघडा आणि तिसरा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. हे वाक्य येतं ते एका माणसाशी रात्रीच्या वेळी चाललेल्या बोलण्यात. निकदेम त्याचं नाव. परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहूद्यांचा अधिकारी, आणि येशू त्याला म्हणतो त्याप्रमाणे इस्राएलाचा गुरू. म्हणजे शिकवणारा माणूस. तो दिवसा का आला नाही हे योहान सांगत नाही. पण तो अंधारात आला, आणि जे ऐकलं ते त्याच्या डोक्यात शिरेना. "ह्या गोष्टी कशा होतील?" असं तो विचारतो. ज्याला सगळं पाठ आहे आणि तरी काही कळत नाही, अशा शिकवणाऱ्या माणसाबरोबरच्या बोलण्यात हे वाक्य आलं. बारा वर्षं संडे स्कूल घेणारी आणि आत काही हलत नाही म्हणून घाबरलेली बाई ह्या वाक्याच्या बाहेर कशी असेल? तुम्ही तर थेट निकदेमाच्या जागेवर बसलेल्या आहात.

त्या रात्री निकदेमाला काय वाटलं हेही योहान सांगत नाही. गहिवर आला, डोळे पाणावले, असं काही नाही. पुढे एकदा तो सभेत येशूच्या बाजूनं एक शब्द बोलतो आणि गप्प होतो. मग एकदम शेवटी दिसतो तो येशूच्या दफनाच्या वेळी, गंधरस आणि अगरू यांचं शंभरेक रत्तल मिश्रण घेऊन. ते ओझं किती असेल ह्याचा विचार करा. त्या रात्रीचा शब्द त्याच्या आत उतरायला तेवढा वेळ लागला, आणि उतरला तोही मयताच्या वेळी. तुमचा जून अजून सरलेला नाही. तेव्हा "आत काही हलत नाही" याची भीती बाळगू नका.

ह्याच वाक्यातलं "जग" म्हणजे काय, हे योहानानं दोन अध्याय आधी सांगून ठेवलंय. येशू जगात होता, जग त्याच्या द्वारे झालं, तरी जगानं त्याला ओळखलं नाही. तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याचा स्वीकार केला नाही. योहान ज्याला जग म्हणतो ते हेच, पाठ फिरवलेलं, ओळख न देणारं. त्या जगावर प्रीती केली म्हणजे ते चांगलं वागेल म्हणून केलेली नव्हे. पौलानंही रोमकरांस लिहिताना हेच सांगितलं, की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. "असतानाच" ह्या शब्दात माझ्या मते सगळा नाताळ आलाय. आपण घर सारवून, रंग देऊन, तारा टांगून पाहुण्याची वाट बघतो. तो आला तेव्हा कुणी काही सारवलेलं नव्हतं.

आणि वाक्यातलं क्रियापद बघा. देवानं जगावर एवढी प्रीती केली की त्याला फार वाईट वाटलं, असं तिथे लिहिलेलं नाही. "दिला" असं लिहिलंय. आपला एकुलता एक पुत्र दिला. प्रीती किती हे दिलेल्यावरून कळावं, अशी त्या वाक्याची घडण आहे.

मला नाताळच्या कार्डांवरची गव्हाणी बघून नेहमी काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. पिवळंधमक गवत, वर सोनेरी उजेड, शेजारी न्हाऊ घातल्यासारखी गाय. शुभवर्तमान लिहिणारा लूक गोठ्याचं वर्णन करत नाही, बैलाचं किंवा गाढवाचं नावही घेत नाही. ती मागाहून आली. असिसीच्या फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणून तो देखावा उभा केला, तेव्हापासून तो घरोघरी पसरत गेला. लूक एवढंच सांगतो की मरीयेनं बाळाला बाळंत्यानं गुंडाळलं आणि गव्हाणीत ठेवलं, कारण उतारशाळेत जागा नव्हती. पण "गव्हाणी" हा शब्द तो तीनदा लिहितो. मेंढपाळांना खूण म्हणून दिली तीही गव्हाणीचीच. रात्री वाड्याला जागणाऱ्या धनगराला राजवाड्याचा पत्ता दिला असता तर तो गेला असता का? गव्हाणी म्हटल्यावर त्याला कुठे जायचं ते कळलं, आणि तिथे आपल्याला कुणी हटकणार नाही हेही कळलं.

आमच्या घरची गव्हाण दगडी होती. बाहेरून खडबडीत, पण आतून हात फिरवला तर तेल लावल्यासारखी गुळगुळीत. किती पिढ्यांच्या बैलांनी ती चाटून चाटून तशी केली होती कोण जाणे. कोपऱ्यात कडब्याचा चुरा दबून बसलेला असायचा आणि त्याला लाळेचा ओला, आंबूस वास यायचा. त्या मुलखातही जुन्या दगडी गव्हाणी सापडलेल्या आहेत, त्यामुळे ख्रिस्तजयंतीची गोष्ट ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचीच गव्हाण येते. मी चौथीत होते त्या सालची.

ते 1972. दुष्काळ तुम्ही ऐकून असाल, आम्ही तो खाल्ला. म्हणजे मिलो खाल्ला, तांबडी ज्वारी, आणि दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. आमचे वडील तीन एकरांचे मालक होते आणि खडी फोडायला जात होते. दिवाळीच्या सुमाराला त्यांनी बैलजोडी विकली. पावसाळ्यापर्यंत जगवायची कशी म्हणून मिळेल त्या भावात विकली, आणि बाजारातून दावी तेवढी हातात घेऊन घरी आले. त्या वर्षी नाताळाला करंज्या नव्हत्या, नवं लुगडं नव्हतं. आईनं मिलोच्या भाकरी आणि गुळवणी केली.

रात्री उपासनेहून आल्यावर वडील आम्हा तिघा भावंडांना गोठ्यात घेऊन गेले. त्यांनी कंदील रिकाम्या गव्हाणीत ठेवला. उजेड आतल्या गुळगुळीत दगडावर पडला आणि दगड चमकला. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग वडिलांनी आत हात फिरवला, बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा, आणि म्हणाले, "त्याला असल्याच जागी ठेवला होता." माझ्या थोरल्या भावानं विचारलं, "मग त्याला आपलं समजतं का?" वडील म्हणाले, "समजावं म्हणून तर आला."

देवाच्या प्रीतीवर मी पुष्कळ वाचलं, पुष्कळ प्रवचनं ऐकली. त्या चार शब्दांच्या पुढे मला जाता आलेलं नाही. बेथलेहेम ह्या इब्री नावाचा अर्थ "भाकरीचं घर" हे मला खूप नंतर कळलं. भाकरीच्या घरी जनावरांच्या ताटात निजलेलं मूल, पुढे मोठं होऊन "मी जीवनाची भाकर आहे" म्हणणारं. वडिलांना हा अर्थ माहीत नसावा. पण भूक माहीत होती, आणि ज्याला भूक माहीत असते त्याला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

पंडिता रमाबाईंचंही असंच होतं. 1874च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले, मागोमाग थोरली बहीण गेली. बावीस-तेवीस वर्षांनी मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई स्वतः तिकडे गेल्या आणि उपासमारीनं काडीसारख्या झालेल्या मुलींना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातून वाढलं. त्यांना इथून पैसे पाठवता आले असते, पण त्या गेल्या. देवाबद्दल आपण ख्रिस्ती माणसं हेच म्हणतो. त्यानं वरून दया पाठवली असती तरी ती दयाच असती. तो आला. बाळंत्यात, नावनिशीच्या गर्दीत, कैसर औगुस्ताच्या एका हुकुमापायी दूर नासरेथाहून चालत आलेल्या बाईच्या पोटी आला. फिलिप्पैकरांस पत्रात पौल म्हणतो, त्यानं स्वतःला रिक्त केलं. माझ्या भाषेत सांगायचं तर तो लहान झाला. एवढा लहान की त्याला कुणीतरी उचलून घ्यावं लागलं, मान सावरावी लागली.

आता तुमच्या आईचं बोलणं. "पोरांना देवाची प्रीती शिकवतेस ना?" मुलाच्या काळजीनं पिचलेल्या आईच्या तोंडून ते निघालं हे मी समजू शकते, पण ते तुमच्यावर वापरायला नको होतं. वचन जिव्हाळ्याच्या माणसाला गप्प करायला वापरलं की ते वचन राहत नाही. उधळ्या पुत्राचा दाखला मी तुम्हाला सांगणार नाही. जूनपासून तो तुम्हाला किमान दहा जणांनी ऐकवला असेल, आणि दर वेळी तुम्हाला त्यातल्या, परतलेल्या धाकट्यावर रुसून बसलेल्या थोरल्या भावाच्या जागी उभं केलं असेल. नाताळाच्या गोष्टीतूनच काय मिळतं ते बघू.

मत्तय शुभवर्तमानाची सुरुवात वंशावळीनं करतो. आपण ती नेहमी गाळतो, कारण नुसती नावं. ह्या वर्षी वाचा. साधारणपणे माणूस आपली वंशावळ सांगताना बदनाम नातलग वगळतो. मत्तयानं ते जपून ठेवलेत. सासऱ्यापासून मूल झालेली तामार आहे, यरीहोतली राहाब आहे, परजातीची रूथ आहे. दाविदाचं नाव येतं तेव्हा तो बथशेबा असं लिहीत नाही, "उरीयाची बायको" असं लिहितो, म्हणजे दाविदानं काय केलं ते कुणी विसरू नये. आहाज आणि मनश्शे यांच्यासारखे राजे आहेत, ज्यांच्या दुष्टपणाच्या कथा राजांच्या पुस्तकात भरल्या आहेत. प्रत्येकी चौदा पिढ्यांच्या तीन ओळी आणि शेवटी येशू. ज्या घरात जन्म घेतला त्या घरानं काय काय केलं हे नावानिशी लिहून ठेवलेलं असताना त्यानं तेच घर निवडलं. तुमचा भाऊ तुमच्या वंशावळीत आहे. तो खोली घेऊन दोन गावं पलीकडे गेला म्हणून त्याचं नाव खोडलं जात नाही. आणि त्यानं केलेलंही खोडलं जात नाही. मत्तयानं दोन्ही ठेवलंय.

पण त्याच मत्तयाचा दुसरा अध्यायही वाचा, कारण तिथे तुमच्या आईला न दिसलेली गोष्ट आहे. बाळाच्या जिवावर उठलेला हेरोद राजा "मीही येऊन त्याला नमन करीन" म्हणाला. गोड शब्द होते. तरी ज्ञानी लोक स्वप्नात सूचना मिळाल्यावर दुसऱ्या वाटेनं आपल्या देशाला गेले आणि योसेफ रातोरात बाळाला आणि आईला घेऊन मिसरात निघून गेला. देवानं जगावर प्रीती केली, त्याच देवानं योसेफाला "ऊठ, पळ" असं सांगितलं. बाळाला सांभाळणं हा प्रीतीचाच भाग होता. तुमचा भाऊ हेरोद नाही, आजारी आहे. मला तुलना माणसांची करायची नाही. पण तुमच्या घरात एक मुलगी आहे, तिची फी एकदा गेलेली आहे, आणि कपाटाला कुलूप लावणारी आई देवाच्या प्रीतीत कमी पडते असं मला ह्या शास्त्रात कुठेही सापडत नाही.

बेथलेहेमात जन्मस्थानावर जे मोठं चर्च आहे, त्याचं दार मला इथे आठवतं. मूळचं प्रवेशद्वार उंच आणि भव्य होतं. आज भिंतीकडे पाहिलं की जुन्या कमानी बुजवल्याच्या खुणा दिसतात, आणि आत जायची वाट उरली आहे ती चार फुटांच्या आसपास. लुटायला येणाऱ्यांना घोड्यांवरून, गाड्यांसकट आत घुसता येऊ नये म्हणून ते असं केलं, असं सांगतात. दार बंद केलं नाही, लहान केलं. वाकलं की कुणालाही आत जाता येतं, राजालाही आणि पोरालाही. घोड्यावर बसून मात्र जाता येत नाही.

तुम्ही भावासाठी असंच दार ठेवा. माझा सल्ला स्पष्ट सांगते. त्याला बोलवा. मुक्कामाला बोलवू नका, जेवायला बोलवा. 24 च्या रात्री नको, कारण रात्र लांबते आणि रात्रीच प्यायला निमित्त मिळतं. 25 ला सकाळची उपासना झाल्यावर, दुपारच्या जेवणाला. निरोप आईनं देऊ नये. ती अटी सांगणार नाही. तुम्ही आणि तुमचे यजमान दोघं मिळून सांगा, फोनवर सांगितलं तरी चालेल, पण तो शुद्धीत असताना, म्हणजे सकाळी. सांगायचं एवढंच: "जेवायला ये. पिऊन येऊ नकोस. पिऊन आलास तर ताट बाहेर देऊ, आत घेणार नाही. पैशांचं त्या दिवशी बोलायचं नाही, तू मागायचे नाहीत आणि आम्हीही काढणार नाही." शेवटचं वाक्य तुम्हाला जड जाईल. ते तुमच्याही बाजूनं पाळा. बावीस हजार नाताळाच्या ताटावर वसूल करायचे नसतात. त्याचं बोलणं जानेवारीत, दिवसाउजेडी, यजमानांसमोर करा.

मुलीला आधी विचारा, तिला मामासमोर बसायचंय का. नसेल तर तिला मैत्रिणीकडे जाऊ द्या आणि कुणालाही तिला "मामाला माफ कर" म्हणू देऊ नका. क्षमा तिची आहे, तिच्या वेळेनं येईल.

आणि भाऊ खरोखर थांबू इच्छित असेल तर एका दुपारच्या जेवणानं ते होणार नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 साली सुरू केलेलं मुक्तांगण आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी मराठीतून चालतात आणि पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन आहे. त्यानं काही ठरवलं नाही तरी ह्या शेवटच्या ठिकाणी तुम्ही आईला घेऊन जा. तिचं ओझं तिला एकटीला पेलत नाही, म्हणून ते तुमच्या अंगावर पडतंय.

तो येईल की नाही, आला तर कसा येईल, हे मी सांगू शकत नाही. आमच्या घरची त्याच रात्रीची एक गोष्ट सांगते. आमचं चुलत्यांशी बोलणं बंद होतं. बांधाचं भांडण, कोर्टापर्यंत गेलेलं. त्या दुष्काळी नाताळाला आईनं चार भाकरींतली एक ताटात ठेवली, वर गुळवणीची वाटी, त्यावर फडकं, आणि मला चुलत्यांच्या दाराशी पाठवलं. मला वाटलं आता सगळं मिटणार. चुलत्यांनी ताट घेतलं, एक शब्द बोलले नाहीत आणि दार लावून घेतलं. मी रडत घरी आले. सकाळी ताट परत आलं, घासलेलं, आणि त्यात ओंजळभर भुईमुगाच्या शेंगा, कारण आपल्याकडे ताट रिकामं परत देत नाहीत. भांडण मिटलं नाही. चुलते वारले तोवर मिटलं नाही. आईचं ताट मात्र दर नाताळाला गेलं, आणि दर वर्षी काहीतरी घेऊन परत आलं. आई कधीही "मी त्यांना माफ केलं" म्हणाली नाही. त्या दिवशी ताट वाढताना ती कशी दिसायची एवढं माझ्या लक्षात आहे: दमलेली, थोडी रागावलेली, आणि भाकरीचा पापुद्रा मोडू नये म्हणून ती दोन्ही हातांनी अलगद उचलणारी.

तुम्हाला त्या दिवशी भावाबद्दल काही चांगलं वाटलं नाही तरी ताट वाढा. योहान आपल्या पत्रात म्हणतो की पहिल्यानं त्यानं आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो. "पहिल्यानं" तो होता, त्यामुळे तुम्हाला स्वतःच्या पोटातून प्रीती उत्पन्न करायची नाही. आपल्याला मिळालेल्यातली एक भाकर पुढे करायची आहे. ती करताना हात थरथरले तर थरथरू द्या.

आता ती दहा मिनिटं. पाळकसाहेबांना नाही म्हणू नका, आणि जे वाटत नाही ते वाटल्याचं नाटकही करू नका. मुलं ते लगेच ओळखतात. गावात कुणाच्या तरी गोठ्यातून मूठभर कडब्याचा चुरा आणा, पाटीत घाला आणि मुलांच्या हातात फिरवू द्या. त्यांना वास घेऊ द्या, नाक मुरडू द्या. मग विचारा, "तुमच्या घरातलं बाळ इथे ठेवाल का?" ती "नाही" म्हणतील. तिथे थांबा, घाई करू नका. मग लूकचा दुसरा अध्याय, सातवं वचन वाचा. निकदेमाची गोष्ट मोठ्यांसाठी ठेवा, दोन मिनिटांत सांगून होते. मंडळीत त्या दिवशी तुमच्यासारखेच, सगळं पाठ असून रात्रीचे बसलेले, बरेच जण असतील. वडिलांचं नाव घ्यायचं असेल तर घ्या. आवाज दाटला तर पाणी प्या आणि पुढे वाचा. मरीयेनंही त्या रात्री गीत गायलं असं लूक लिहीत नाही. गीत तिनं आधी, अलीशिबेच्या घरी गायलं होतं. त्या रात्री तिनं सगळ्या गोष्टी मनात ठेवल्या एवढंच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. भावाला निरोप शेवटच्या दिवशी देऊ नका, ह्याच रविवारी द्या. आठवडाभर आधी कळलं तर त्याला दाढी करायला, धुतलेला शर्ट शोधायला वेळ मिळेल. आईला सांगा, तिनं त्याच्या आवडीचं एक काहीतरी स्वतःच्या हातानं करावं. आणि जेवणाच्या वेळी वडिलांच्या जागेवर कुणाला बसवायचं ते आधीच ठरवा, नाहीतर सगळे उभे राहतील आणि ती जागा रिकामी बघत बसतील. मी असते तर तिथे आईला बसवलं असतं.

– तुमची मावशी